सिंहगड रस्ता ते एवूड पार्क: ब्लॅकबर्नच्या चाहत्यांना मालक का हलवता आले नाहीत

७ मे २०१२ ची मॅच. पुण्यात रात्रीचे साडेबारा, म्हणजे कॅलेंडरवर तारीख बदललेली. घरचे झोपलेले, टीव्हीचा आवाज अगदी बारीक केलेला. ब्लॅकबर्नच्या घरच्या मैदानावर, एवूड पार्कवर, पाऊस. ब्लॅकबर्न रोव्हर्स विगनकडून हरले तर प्रीमियर लीगमधून खाली जाणार होते. खेळ सुरू होऊन फार वेळ झाला नव्हता, तेवढ्यात मैदानात एक कोंबडी दिसली. तिच्या अंगावर क्लबचा निळा-पांढरा झेंडा पांघरलेला. ओल्या हिरवळीवर ती बावरून पळत होती. पुढे ८७व्या मिनिटाला विगनच्या अल्काराझने गोल केला आणि १९९५ चा विजेता संघ दुसऱ्या श्रेणीत गेला.

त्या कोंबडीचा अर्थ पुणेकराला समजावून सांगावा लागला नाही. क्लबचे मालक होते व्हेंकीज, म्हणजे सिंहगड रस्त्यावर मुख्यालय असलेला वेंकटेश्वरा हॅचरीज समूह. ज्यांची अंडी आणि कोंबड्या आपल्या घरात येतात, त्यांच्याविरुद्ध सात-साडेसात हजार किलोमीटरवरच्या गिरणगावात माणसे रस्त्यावर उतरली होती.

या प्रकरणाकडे मी गेली अनेक वर्षे एकाच प्रश्नासाठी पाहतो आहे. मोर्चे झाले, बहिष्कार झाला, स्टेडियम निम्मे रिकामे झाले, तरी मालकांनी क्लब विकला नाही. तिथून तासाभराच्या अंतरावरच्या ब्लॅकपूलमध्ये मात्र चाहत्यांनी मालक गेलेले पाहिले. दोन्ही गावे इंग्लंडमधल्या लँकेशायर परगण्यातली, दोन्हीकडचा राग खरा, चिकाटीही सारखीच. मग फरक कुठे पडला?

देणाऱ्याची सवय लागलेला क्लब

ब्लॅकबर्न हे कापसाच्या गिरण्यांवर वाढलेले गाव. गिरण्या गेल्या, फुटबॉल राहिला. १८७५ साली स्थापन झालेला रोव्हर्स हा १८८८ च्या फुटबॉल लीगचा आणि १९९२ च्या प्रीमियर लीगचाही संस्थापक सदस्य आहे. दोन्ही मान मिळालेले क्लब तीनच, उरलेले दोन एव्हर्टन आणि ॲस्टन व्हिला. एवढ्याशा गावाला ही मोठीच मिरवण्याची गोष्ट.

१९९१ मध्ये गावचाच पोलाद व्यापारी जॅक वॉकर याने क्लब हाती घेतला. धंदा विकून आलेला पैसा त्याने आपल्या आवडत्या संघात ओतला. केनी डॅलग्लिश मॅनेजर म्हणून आला, ॲलन शिअररला त्या काळच्या ब्रिटिश विक्रमी किमतीला आणले, आणि १४ मे १९९५ रोजी ८१ वर्षांनी विजेतेपद गावात आले. तेही कसे? शेवटच्या दिवशी रोव्हर्स लिव्हरपूलमध्ये हरले, पण तिकडे मँचेस्टर युनायटेडला वेस्ट हॅमविरुद्ध बरोबरीच साधता आली.

वॉकर २००० मध्ये गेला. त्याच्या नावाच्या ट्रस्टने क्लब सांभाळला खरा, पण खिसा आता सैल नव्हता आणि विश्वस्त गिऱ्हाईक शोधत होते. पुढचे सगळे समजायला हा भाग महत्त्वाचा आहे. रोव्हर्स आपल्या तिकीटविक्रीवर कधीच त्या उंचीला पोचला नव्हता. कुणीतरी देणारा होता, म्हणून तो वर गेला होता. वॉकर गावचा होता, म्हणून हे कुणाला खटकले नाही. उद्या देणारा परका आला तर काय, हा प्रश्न सुखाच्या दिवसांत विचारायचा राहून गेला.

१९ नोव्हेंबर २०१० रोजी व्यवहार झाला. किंमत २ कोटी ३० लाख पौंड, शिवाय क्लबवरचे सुमारे २ कोटींचे कर्ज. मालकीण-मालक तिघे: अनुराधा देसाई आणि त्यांचे भाऊ व्यंकटेश राव व बालाजी राव. ही डॉ. बी. व्ही. राव यांची मुले. भारतातल्या कुक्कुटपालनाला उद्योगाचे रूप देणाऱ्यांत बी. व्हीं.चे नाव पहिले घेतले जाते. १९७१ मध्ये त्यांनी हॅचरी काढली आणि अंडी उत्पादकांच्या राष्ट्रीय समन्वय समितीची उभारणीही त्यांच्याच पुढाकाराने झाली. प्रीमियर लीगमध्ये भारतीय मालक हे पहिल्यांदाच घडत होते. मला त्या आठवड्यात अभिमान वाटला होता, हे प्रांजळपणे सांगतो. आमच्या गावचे लोक शिअररचा क्लब चालवणार, याचे अप्रूपच मोठे होते.

चोवीस दिवस

संघ तेराव्या क्रमांकावर होता. मॅनेजर सॅम अ‍ॅलर्डाइस जुना, खमक्या माणूस. कमी पैशांत संघ वरच्या श्रेणीत टिकवणे हीच त्याची खासियत. १३ डिसेंबरला, म्हणजे मालकी आल्यावर चोवीस दिवसांत, त्याला काढले. जागी आला प्रशिक्षक ताफ्यातला स्टीव्ह कीन, ज्याने तोवर कोणत्याही संघाचा मॅनेजर म्हणून काम केले नव्हते. रोनाल्डिनो येणार, बेकहॅम येणार, अशा बातम्या सुटल्या. कुणी आले नाही.

चाहत्यांचा राग अ‍ॅलर्डाइसवरून सुरू झाला असे म्हणतात, पण माझ्या मते खरे नुकसान त्यानंतरच्या दोन महिन्यांत झाले. फेब्रुवारी २०११ मध्ये अध्यक्ष जॉन विल्यम्स गेले, पाठोपाठ व्यवस्थापकीय संचालक टॉम फिनही गेले. छोट्या गावाचा क्लब मोठ्या लीगमध्ये कसा राखायचा, हे ज्यांना तोंडपाठ होते तीच माणसे बाहेर पडली. पुण्यात बसून हॅचरी चालवता येते, कारण तिथे घरची माणसे खुर्चीवर असतात. एवूडवर विश्वासाचे जाणते माणूस उरले नाही आणि प्रत्येक निर्णय फोनवरून होऊ लागला.

ऑक्टोबर २०११ मध्ये ऐन हंगामात संघ पुण्याला आला आणि बालेवाडीत पुणे एफसीशी मैत्रीचा सामना खेळला. त्याच सुमारास रोव्हर्सचे खेळाडू ड्रेसिंग रूममध्ये चिकन खात असल्याची व्हेंकीजची जाहिरात झळकली. इथे ते कौतुकाचे वाटले असेल. पण संघ तळाशी रुतलेला आणि गावाला रोजची धास्ती. अशा वेळी ती जाहिरात पाहून एवूडच्या माणसाला काय वाटले असेल, हे समजायला फुटबॉल कळावे लागत नाही. घरात आजारपण असताना पाहुण्याने वाजंत्री आणावी, तसे ते झाले.

‘कीन आउट’

निदर्शनांचा पहिला टप्पा पूर्णपणे मॅनेजरविरुद्ध होता. सामन्याआधी मोर्चे निघत, सामन्यानंतर मुख्य दरवाज्यासमोर गर्दी थांबे. विमानाच्या शेपटाला फलक बांधून तो स्टेडियमवरून फिरवला गेला. डिसेंबरमध्ये बोल्टनकडून घरच्या मैदानावर हार झाली, त्या रात्रीच्या घोषणा टीव्हीवर ऐकतानाही अंगावर येत होत्या. त्यानंतर अकरा दिवसांनी याच संघाने ओल्ड ट्रॅफर्डवर युनायटेडला ३-२ हरवले. तेवढ्याने काही बदलले नाही.

इथे मला चाहत्यांची चूक दिसते, आणि ती सांगितल्याशिवाय हा अभ्यास पुरा होत नाही. कीन हा निर्णय घेणारा नव्हता, निर्णयाचा परिणाम होता. रोज समोर दिसत होता, म्हणून सारा मार त्याच्यावर पडला. एकटा माणूस हजारोंच्या शिव्या खात उभा आहे, हे चित्र देशभर गेले. इंग्लंडच्या वृत्तपत्रांचा बराच भाग आणि मॅनेजरांची संघटना कीनच्या बाजूने बोलू लागली. ब्लॅकबर्नचे लोक कृतघ्न आणि हुल्लडबाज आहेत अशी हवा तयार झाली. मालकांबद्दलचे प्रश्न त्या गदारोळात मागे पडले. त्या लोकांचे दुखणे काय होते हे बाहेर कळायला आणखी काही महिने जावे लागले.

आणि ते कळले कागदांमधून. उपमुख्य कार्यकारी अधिकारी पॉल हंट यांनी डिसेंबर २०११ मध्येच मालकांना पत्र लिहून कीनला हटवा म्हणून सांगितले होते. विगनच्या पराभवाच्या सुमारास ते पत्र फुटले आणि हंट यांची नोकरी गेली. म्हणजे मोर्च्यातला माणूस जे ओरडून सांगत होता, तेच कचेरीतला माणूस सभ्य भाषेत लिहून सांगत होता, आणि ऐकले कुणाचेच गेले नाही.

कीनने सप्टेंबर २०१२ च्या अखेरीस राजीनामा दिला. त्यानंतरचा हंगाम आठवला की आजही वाईट वाटते. नवा मॅनेजर हेनिंग बर्ग, १९९५ च्या विजेत्या संघातला बचावपटू, ५७ दिवस टिकला. त्याच्या भरपाईचे प्रकरण न्यायालयात गेले. त्याच्याशी झालेला करार करण्याचा अधिकार आमच्याच व्यवस्थापकीय संचालकाला नव्हता, असा पवित्रा क्लबने घेऊन पाहिला. न्यायालयाने साडेबावीस लाख पौंड द्यायला लावले. मायकेल ॲपल्टन ६७ दिवस टिकला. मलेशियाचे माजी खेळाडू आणि टीव्हीवरचे समालोचक शेबी सिंग ‘जागतिक सल्लागार’ म्हणून वावरत होते. एवूडवर कोण कुणाला विचारून काय करतो, हे आतल्यांनाही सांगता येईना.

अठरा आणि पंच्याहत्तर

दुसऱ्या टप्प्यात निशाणा थेट मालकांवर आला आणि पद्धतही शहाणी झाली. चाहत्यांनी रोव्हर्स ट्रस्ट स्थापन केला, कृती गट झाला. या सगळ्यात १ नोव्हेंबर २०१६ ची ब्राइटनविरुद्धची संध्याकाळ मला सर्वात मोलाची वाटते. क्लबचे स्थापनावर्ष १८७५. ठरले असे की १८व्या मिनिटाला आत यायचे आणि ७५व्या मिनिटाला बाहेर पडायचे. दिव्यांच्या झगमगाटात मॅच सुरू झाली, तेव्हा निळ्या खुर्च्यांचे पट्टेच्या पट्टे मोकळे होते. आलेले लोक बाहेर थंडीत उभे. अठराव्या मिनिटाला ते रांगेने जिने चढून आले, आपापल्या जागी बसले, संघाला ओरडून साथ दिली. पंच्याहत्तरावे मिनिट लागले तसे उठले आणि खांद्यावरचे मफलर सारखे करत निघून गेले, सामना अजून चालू असताना. ब्राइटन ३-२ जिंकले.

ज्याने कधी एखाद्या संघावर जीव लावला आहे त्याला विचारा, सामना चालू असताना पाठ फिरवून जिना उतरणे काय असते. शिवी नाही, नासधूस नाही, कुणा कर्मचाऱ्याला त्रास नाही. क्लब आमचा आहे आणि त्याचे वर्ष आम्हाला पाठ आहे, एवढेच सांगितले. तरी त्याने मालक हलले नाहीत.

२८ जानेवारी २०१७ रोजी एफए कप या इंग्लंडच्या बाद पद्धतीच्या स्पर्धेत ब्लॅकबर्न आणि ब्लॅकपूल समोरासमोर आले. जुने शेजारी, जुने हाडवैर, पण त्या दिवशी दोन्हीकडचे चाहते एकत्र निदर्शनाला उभे राहिले. एकाच्या घोषणा पुण्याच्या राव कुटुंबाविरुद्ध, दुसऱ्याच्या ब्लॅकपूलचे मालक असलेल्या ओइस्टन कुटुंबाविरुद्ध.

खानावळ आणि अन्नछत्र

ब्लॅकपूलची गोष्ट थोडक्यात अशी. २०१० मध्ये हा छोटा क्लब प्रीमियर लीगमध्ये पोचला, एकच हंगाम टिकला, पण त्या एका हंगामाने आणि खाली गेल्यावर लीगकडून मिळणाऱ्या अनुदानाने कोट्यवधी पौंड आले. तो पैसा संघावर खर्च झालेला दिसेना. २०१४ चा हंगाम तोंडावर आला तेव्हा नोंदणी झालेले खेळाडू जेमतेम आठ होते. २ मे २०१५ ला हडर्सफील्डविरुद्ध चाहते मैदानात उतरले आणि सामना सोडून द्यावा लागला. मालकांनी काही चाहत्यांवर अब्रुनुकसानीचे दावे लावले. लोकांनी ‘यापुढे एक पेनीही नाही’ असे ठरवले आणि ते वर्षानुवर्षे पाळले. बाप लेकराला घेऊन मैदानाच्या दारापर्यंत यायचा आणि आत जायचा नाही.

पण एकट्या बहिष्काराने ओवेन ओइस्टन गेले नाहीत. क्लबमध्ये लाटव्हियाचे वालेरी बेलोकोन यांचे अल्प भागभांडवल होते. आपल्यावर अन्याय झाला म्हणून ते न्यायालयात गेले. नोव्हेंबर २०१७ मध्ये न्यायालयाने निकाल दिला की मालकांनी क्लबमधून पैसा गैररीतीने बाहेर काढला, आणि बेलोकोन यांना ३ कोटी १२ लाख ७० हजार पौंड द्यावेत. रक्कम वेळेत भरली गेली नाही. फेब्रुवारी २०१९ मध्ये न्यायालयाने रिसीव्हर, म्हणजे मालमत्तेचा ताबा घेणारा अधिकारी, नेमला आणि ओइस्टन बाहेर पडले. ९ मार्चला साउथएंडविरुद्ध लोक परत आले, १५ हजारांहून अधिक. जूनमध्ये गावाशी नाते असलेल्या सायमन सॅडलर यांनी क्लब घेतला.

आता फरक बघा. ब्लॅकपूल ही मालकासाठी खानावळ होती. गिऱ्हाइकाच्या पैशावर चालणारी, वर उरेल ते घरी नेता येणारी. गिऱ्हाईक थांबले की तिचा जीव जातो. ब्लॅकबर्न मात्र अन्नछत्र होऊन बसले होते. चॅम्पियनशिपमधल्या, म्हणजे दुसऱ्या श्रेणीतल्या, कितीतरी क्लबांचा पगारावरचा खर्च त्यांच्या उत्पन्नाच्या पुढे जातो. दरवर्षीची तूट पुण्याहून भरली जात होती, आणि व्हेंकीजने आजवर घातलेली एकूण रक्कम २० कोटी पौंडांच्या वर गेली आहे. अन्नछत्रात जेवायला कुणी आले नाही म्हणून ते बंद पडत नाही. दात्याला वाईट वाटेल, राग येईल, पण त्याच्या गल्ल्यात फरक पडत नाही.

एवूडची सरासरी गर्दी २०१०-११ मधल्या सुमारे २५ हजारांवरून २०१६-१७ मध्ये १२-१३ हजारांवर आली. हा बहिष्कार कोणत्याही मापाने मोठा होता. पण न घेतलेल्या प्रत्येक तिकिटाने मालकाचा फायदा कमी झाला नाही, कारण फायदा नव्हताच. तूट वाढली, ती भरायला चाहत्यांची गरज कमी आणि मालकाची गरज जास्त झाली. म्हणजे ज्या हत्याराने मालक ढिला व्हायचा, त्याच हत्याराने क्लब त्याच्या हातात आणखी घट्ट बसला. शिवाय बेलोकोनसारखा भागीदारही इथे नव्हता. जवळजवळ सगळे शेअर एकाच कुटुंबाच्या कंपनीकडे, त्यामुळे न्यायालयाचे दार ठोठावायला कुणाला जागाच नाही. रोव्हर्स ट्रस्टची तळमळ मी मानतो, पण क्लब विकत घेणाऱ्याला दरवर्षी कोटी-दीड कोटी पौंडांचा खड्डा बुजवावा लागेल, याचे उत्तर ट्रस्टकडेही नव्हते.

मालकांची बाजूही इथेच नोंदवतो, कारण ती खरी आहे. त्यांनी क्लब बुडवून पैसा नेला नाही. उलट आपला घातला. रोव्हर्स दिवाळखोरीत गेला नाही, खेळाडूंचे पगार मिळत राहिले. ‘बरी’ नावाचे एक गाव ब्लॅकबर्नपासून फार लांब नाही. त्यांचा क्लब २०१९ मध्ये लीगमधूनच काढला गेला. एवूडच्या काही जुन्या माणसांना आजही वाटते की शिव्या द्या, पण चेक येतो आहे तोवर जपून. मला हे पटत नाही. चेक हा उत्तरदायित्वाचा पर्याय होऊ शकत नाही. पण या मतामागची भीती मी समजू शकतो.

पाच वर्षांनी तीच तारीख

७ मे २०१७. रोव्हर्स शेवटच्या दिवशी ब्रेंटफर्डमध्ये ३-१ जिंकले आणि तरीही गोलफरकावर तिसऱ्या श्रेणीत गेले. प्रीमियर लीग जिंकलेला क्लब तिसऱ्या श्रेणीत जाण्याची ही पहिलीच वेळ. वाटले होते, आता स्फोट होईल. झाले उलटेच. फेब्रुवारीत आलेल्या टोनी मॉब्रेने संघ बांधला, तो पुण्याला येऊन मालकांशी समोरासमोर बोलत असे, आणि वर्षभरात रोव्हर्स परत वर आले. राग निवळला. एका मॅनेजरने विमानाचे तिकीट काढून बरेच काही सावरले.

त्यानंतरची शांतता फार टिकली नाही. अंमलबजावणी संचालनालयाच्या तपासामुळे व्हेंकीजला इंग्लंडला पैसे पाठवण्यासाठी दिल्ली उच्च न्यायालयात जावे लागू लागले. परवानगी मिळे, पण तेवढ्याच रकमेची बँक हमी देण्याच्या अटीवर. अन्नछत्राचा शिधा आता न्यायालयाच्या तारखांवर येऊ लागला. इतकी वर्षे लँकेशायरच्या रस्त्यांवर घोषणा देऊन जो पुरवठा आवळला गेला नाही, तो इथल्या कायद्याने आवळला. फेब्रुवारी २०२४ मध्ये ॲडम व्हार्टन, क्लबच्याच अकादमीत घडलेला मिडफिल्डर, क्रिस्टल पॅलेसला विकला गेला. काही महिन्यांत तो इंग्लंडकडून खेळला. आणि २०२५ च्या उन्हाळ्यात महिला संघ दुसऱ्या श्रेणीतून काढून घेतला गेला. जॉर्जिया स्टॅनवे, कीरा वॉल्श, एला टून या इंग्लंडच्या खेळाडू कधीकाळी याच क्लबच्या निळ्या-पांढऱ्या शर्टात खेळलेल्या. पुरुष संघाच्या एका बऱ्या खेळाडूला जेवढे मिळते, त्याच्या आसपासच्या खर्चाचा हा प्रश्न असावा असे मला वाटते. या निर्णयाने मात्र पुण्याचा माणूस म्हणून मला लाज वाटली.

जुलै २०२५ मध्ये इंग्लंडने फुटबॉल प्रशासनाचा कायदा केला. स्वतंत्र नियामक आला, मालकांची पात्रता तपासण्याचे काम त्याच्याकडे आले आणि महत्त्वाच्या बाबींत क्लबांनी चाहत्यांशी सल्लामसलत करण्याची तरतूद झाली. अपात्र ठरलेल्या मालकाला हटवण्याचा अधिकारही नियामकाकडे आहे. एवूडच्या चाहत्यांना आजवर एक गोष्ट मिळाली नव्हती: मालकाच्या मर्जीबाहेरचे एक दार, जिथे त्याला कागद घेऊन हजर राहावे लागेल. बेलोकोनच्या रूपाने ब्लॅकपूलला ते दार आपोआप लाभले होते. रोव्हर्स ट्रस्टच्या माणसांनी आता मोर्च्याच्या फलकांइतकेच लक्ष क्लबच्या ताळेबंदाकडे, दिल्लीतल्या आदेशांच्या प्रतींकडे आणि नियामकाच्या अर्जांकडे द्यावे असे मला वाटते, कारण त्यांचा वाद ज्या कागदांवर तुटेल त्यातले बरेचसे सिंहगड रस्त्यावर तयार होतात.